यात्रा ड्युटीने शिकवलेलं

माहूर तालुक्यात मी आरोग्य सेविका म्हणून रुजू झाले आणि आरोग्य सहाय्यिका म्हणून इथूनच निवृत्त झाले. नवरात्र, दत्तजयंती आणि राखी पौर्णिमेची परिक्रमा या तीन यात्रांच्या आरोग्य पथकात माझी बरीचशी नोकरी गेली. नोकरीच्या अखेरीस आम्हाला आपत्ती व्यवस्थापनाचं एक प्रशिक्षण मिळालं. पूर, चेंगराचेंगरी, सर्पदंश यांच्या जोडीला त्यात ‘जैविक हल्ला’ असाही एक तास होता. शेजारी बसलेल्या सिस्टर हळूच म्हणाल्या, “बाई, इथं लेकरांची हगवण आवरंना, अन् हे अँथ्रॅक्सचं सांगायलेत.”

त्यांची तळमळ खरी होती. पण तो तास ऐकताना माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. कोणी मुद्दाम जंतू पसरवले काय किंवा विहिरीत घाण उतरली काय, आमच्या दारात येणारा माणूस सारखाच असतो. त्याला ताप असतो, उलट्या असतात, अंगावर पुरळ असतं. मुंबई-दिल्लीच्या प्रयोगशाळांना जे पुढे कळायचं ते कळेल. माहूरगडाच्या पायथ्याला पहिल्या दिवशी जे करायचं, ते दोन्ही वेळी एकच. म्हणून हे अनुभव लिहून ठेवते आहे. नव्याने रुजू झालेल्या मुलींसाठी, ग्रामपंचायतीत बसणाऱ्यांसाठी, आणि यात्रेत पंगती घालणाऱ्या मंडळांसाठीही.

१. कारण कळेपर्यंत थांबायचं नाही.

६ फेब्रुवारी २०२४ ला एकादशी होती. आपल्याच नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात, कोष्टवाडीला संत बाळूमामांच्या कार्यक्रमासाठी आसपासच्या गावांतले लोक जमले होते. संध्याकाळी फराळ झाला आणि पहाटेपासून उलट्या-जुलाब सुरू झाले. आधी दीडशेच्या आसपास लोक लोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात आले, मग शेकड्यांनी येत राहिले, नांदेडच्या रुग्णालयांत जादा खाटा टाकाव्या लागल्या. त्रास झालेल्यांचा आकडा दोन हजारांपर्यंत गेला.

आता दुसरी घटना. १९८४ साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात ‘द डॅल्स’ नावाच्या गावात ७५१ लोकांना असाच पोटाचा त्रास झाला. पुण्याच्या कोरेगाव पार्कातून तिकडे गेलेल्या रजनीशांच्या आश्रमातल्या काही जणांनी गावातल्या हॉटेलांत उघड्यावर मांडलेल्या सॅलडमध्ये साल्मोनेलाचे जंतू टाकले होते. स्थानिक निवडणुकीत गावातल्या लोकांना मतदानाला येऊ द्यायचं नाही, असा तो बेत होता. तिथल्या आरोग्य खात्याने आधी निष्कर्ष काढला की हॉटेलातल्या कामगारांनी हात नीट धुतले नसावेत. आश्रमाच्या प्रयोगशाळेत त्या जंतूंची कुपी सापडली आणि खरा प्रकार बाहेर आला, तोवर वर्ष उलटून गेलं होतं.

लोह्याला कोणी घातपात केला असं माझं अजिबात म्हणणं नाही. सांगायचं ते एवढंच, की पहिल्या रात्री या दोन गावांतल्या डॉक्टरांसमोर एकच चित्र होतं. दोन्हीकडे काम तेच: रुग्णाला ओआरएस किंवा सलाईन, प्रत्येकाचं नाव-गाव-वय आणि शेवटचं काय, कुठे, किती वाजता खाल्लं याची नोंद, उरलेलं अन्न आणि पाणी ताब्यात. त्या नोंदींतूनच पुढे कारण सापडतं. अमेरिकेतही कोणत्या हॉटेलात काय खाल्लं, हे लोकांना विचारूनच सॅलडपर्यंत पोचता आलं.

यात्रेत महाप्रसाद घालणाऱ्या मंडळांना मी दरवर्षी एक विनंती करायचे. प्रत्येक पंगतीचं मूठभर अन्न स्वच्छ डब्यात झाकून, वर वेळ लिहून, दुसऱ्या दिवसापर्यंत थंड जागी ठेवा. काही मंडळांनी ते मनापासून पाळलं. नवरात्रात भगरीचं प्रमाण फार असतं, आणि दमट हवेत भगरीला बुरशी चटकन धरते. सुटी भगर, जुनं पीठ घेऊ नका, पाकिटावरची तारीख बघा, हे अन्न व औषध प्रशासनही सांगत असतं. उपवासाचं म्हणून कोणी शंका घेत नाही, तिथेच जास्त बघावं लागतं.

२. ‘निरंक’ लिहिताना हात थांबला पाहिजे.

उपकेंद्राचा साथरोगाचा साप्ताहिक अहवाल असतो. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम देशात २००४ साली सुरू झाला. उपकेंद्राचा एस फॉर्म, प्राथमिक आरोग्य केंद्राचा पी, प्रयोगशाळेचा एल. आता ते सगळं ऑनलाइन भरतात. फॉर्म बदलले, पण एक सवय बदलली नाही: काही विशेष नसलं की ‘निरंक’ लिहून मोकळं व्हायचं.

निरंक अहवाल वाईट नाही. उलट तो सगळ्यात महत्त्वाचा असतो, पण घरोघर फिरून आलेला असेल तरच. ज्या गावात दर आठवड्याला तापाचे दोन-तीन रुग्ण असतात, तिथे एका आठवड्यात नऊ झाले, तर ते काहीतरी वेगळं आहे. हे कळायला आधीचे दोन-तीन खरे लिहिलेले असावे लागतात. आधीचे सगळे आठवडे निरंक असतील, तर नऊ हा आकडा जास्त की कमी हे सांगणार कोण?

मी पाहिलेली सगळ्यात चांगली साथरोग यंत्रणा म्हणजे एका आशाताईची शंभर पानी वही. घरनिहाय पानं, पानावर घरातली माणसं, आणि कडेला पेन्सिलीने खुणा. तापाला त, जुलाबाला ज, खोकल्याला ख. एका पावसाळ्यात तिने मला वही उघडून दाखवली. “मॅडम, हे बघा, हातपंपाच्या अंगाच्या घरांनाच ज आलाय. विहिरीवरच्या घरांना काहीच नाही.” तिला कोणी नकाशा शिकवला नव्हता. त्या दिवशी हातपंप बंद केला, आणि साथ तिथेच आटोपली.

३. माणसाआधी जनावर पडतं.

मराठवाड्याला हे १९९४ साली कळलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादच्या बाहेरही लोक दगडमातीच्या घरांत झोपायला घाबरत होते. धान्य घरात, माणसं बाहेर. उंदरांची चंगळ झाली. पुढच्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात बीड जिल्ह्यातल्या मामला गावी आधी पिसवांचा सुळसुळाट झाला, उंदीर मरून पडले, मग माणसांना ताप आणि जांघेत-काखेत गाठी आल्या. प्लेगच्या संशयाने सगळं राज्य हादरलं. भूकंपाशी जोडणारी ही साखळी तेव्हाच्या अभ्यासकांनी मांडली. त्यानंतर थोड्याच दिवसांत सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला आणि लाखो लोक गाड्या भरून तिथून पळाले. त्या वेळी हा शत्रूने केलेला हल्ला आहे, अशीही कुजबुज होती. पुढच्या तपासण्यांत तसं काही निघालं नाही.

उंदीर पडण्याची भीती आमच्या आज्यांना होती. आमच्या पिढीला ती राहिली नाही, आणि नेमका तिथेच घात होतो. बर्ड फ्लू देशात पहिल्यांदा आढळला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, आपल्याच राज्यात, नवापूरला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंब्याला सुमारे आठशे कोंबड्या मेल्या. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात पन्नासहून अधिक कावळे मरून पडले, भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लू असल्याचं कळवलं आणि भोवतालचा दहा किलोमीटरचा परिसर सतर्क क्षेत्र जाहीर झाला. उदगीरचं मला विशेष वाटतं, कारण तिथे मेलेले कावळे पाहून कोणीतरी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवलं. कावळा मेला म्हणून फोन करावा, हे सुचायला जागरूक माणूस लागतो.

आणि अँथ्रॅक्स. प्रशिक्षणातल्या त्या तासाला आमच्या सिस्टरांना ते परदेशातलं वाटलं, पण त्याला आपण ‘फाशी’ म्हणतो, आणि गुराख्यांना तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. गाय, बैल, शेळी धडधाकट असताना एकाएकी पडते, नाकातोंडातून न गोठणारं काळपट रक्त येतं. अशा जनावराची कातडी सोलायची नाही, मांस वाटायचं नाही, कुत्र्यांना ओढू द्यायचं नाही. पशुवैद्यकाला बोलावून खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं. त्याचे बीजाणू मातीत अनेक वर्षं जिवंत राहतात. सोलणाऱ्याच्या हातावर जी काळी, न दुखणारी पुळी उठते, ती काळपुळी. वेळेवर दाखवली तर साध्या प्रतिजैविकाने बरी होते. २००१ साली अमेरिकेत टपालाच्या पाकिटांतून हेच बीजाणू पाठवले गेले. २२ जणांना बाधा झाली, पाच गेले. गुरांना द्यायची प्रतिबंधक लस पुण्याच्या पशुवैद्यकीय जैव उत्पादने संस्थेत तयार होते. माणसांच्या दवाखान्याच्या भिंतीवर पशुवैद्यकाचा नंबर असावा आणि गुरांच्या दवाखान्याच्या भिंतीवर आमचा. आमच्या उपकेंद्रात मी तो रंगवून घेतला होता.

४. पाण्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

माहूरच्या डोंगरात पाऊस चांगला पडतो आणि उन्हाळ्यात पाणी टिकत नाही. जूनच्या पहिल्या सरींनी वरची सगळी घाण विहिरीत उतरते. जून २०२४ मध्ये नायगाव तालुक्यातल्या मुगाव तांड्यावर दूषित पाण्याने नव्वदहून अधिक लोक आजारी पडले. वस्ती पाचशेच्या आतली. म्हणजे जवळपास दर पाच माणसांमागे एक.

शुद्धीकरण कसं करायचं ते इथे सविस्तर लिहिते, कारण ‘विहिरीत पावडर टाकली’ या तीन शब्दांत फार चुका लपतात. विहीर गोल असेल तर व्यास मोजायचा, पाण्याची उंची दोरीला दगड बांधून मोजायची. व्यास तीन मीटर आणि पाणी चार मीटर असेल, तर विहिरीत साधारण २८ हजार लिटर पाणी आहे. हजार लिटरला पाच ग्रॅम चांगली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर धरली, तर १४० ग्रॅम लागेल. ती थेट विहिरीत फेकायची नाही. बादलीत आधी थोड्या पाण्यात घोटून लगदा करायचा, मग पाणी वाढवायचं, हलवून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढून, ती बादली दोरीने विहिरीत पाण्याखाली सोडायची आणि वर-खाली, चारी अंगांनी हिसके द्यायचे. खालचा चुना बाहेर टाकून द्यायचा. तासभर कोणी पाणी भरायचं नाही. मग क्लोरीन तपासायची ओटी टेस्ट: नळीत पाणी, त्यात औषधाचे थेंब, फिकट पिवळा रंग आला पाहिजे. घरातल्या माठापर्यंत ०.२ पीपीएम क्लोरीन उरलं पाहिजे. साथ असेल तर विहिरीवर ०.५.

पावडर चांगली म्हणजे ३३ टक्के क्लोरीनची. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडं राहिलेलं पोतं असतं, त्यातलं क्लोरीन केव्हाच उडून गेलेलं असतं. वास येत नसेल तर ती पावडर चुन्यात जमा. २० टक्क्यांच्या खाली गेलेली वापरायचीच नाही. जलसुरक्षकाने नोंदवहीत रोज ‘ओटी पॉझिटिव्ह’ लिहिलेलं असतं. मी नोंदवही बाजूला ठेवून शेवटच्या नळाच्या घरी जायचे आणि तिथल्या माठातलं पाणी तपासायचे.

एका तांड्यावरची म्हातारी मला म्हणाली होती, “सिस्टरबाई, पावडरीच्या वासानं पोरं पानी पीत नाहीत, नाल्यावर जातात.” तिचं म्हणणं बरोबर होतं. जास्त पावडर टाकणं हाही अपघातच, कारण लोक मग उघड्या झऱ्यावर जातात. माप ठरवलं, वास कमी झाला, लेकरं परत विहिरीचं पाणी पिऊ लागली.

यात्रेत मातृतीर्थावर लोक स्नान करतात, बाटल्या भरून तीर्थ घरी नेतात. श्रद्धेला हात न लावता एवढं सांगता येतं, की तीर्थ देवघरात ठेवा, प्यायला टँकरचं क्लोरीन तपासलेलं पाणी घ्या. टँकर भरतानाच तपासायचा, रांगेत उभा राहिल्यावर नव्हे. आणि टँकरचं झाकण कुलूपबंद हवं. मुद्दाम कोणी काही टाकू नये यासाठी हे एक कुलूप पुष्कळ कामाचं आहे, आणि ते स्वस्त आहे.

५. नमुना आधी, प्रतिजैविक नंतर.

१९३३ साली हावडा स्टेशनवर पाकुडच्या जमीनदार घराण्यातल्या अमरेंद्र पांडे या तरुणाला गर्दीत कोणीतरी टोचून गेलं. आठवडाभरात तो वारला. डॉक्टरांनी त्याचं रक्त तपासायला पाठवलं होतं, त्यात प्लेगचे जंतू निघाले. तपास मुंबईपर्यंत आला. सावत्र भावाने एका डॉक्टरला हाताशी धरून, परळच्या हाफकिन संस्थेतले प्लेगचे जंतू आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयामार्गे मिळवले होते. रक्ताचा नमुना घेतला नसता, तर तो मृत्यू ताप म्हणून नोंदला गेला असता आणि खून पचला असता.

आमच्या पातळीवर हे फार साधं आहे. जुलाबाच्या साथीत पहिल्या चार-पाच रुग्णांचा शौचाचा नमुना गोळी देण्याआधी घ्यायचा, कॅरी-ब्लेअर माध्यमाच्या नळीत ठेवायचा, वर नाव-वेळ लिहायची, थंड पेटीतून पाठवायचा. गोळी आधी दिली की जंतू सापडत नाही. मग साथ कशाची होती हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या वर्षी तीच पुन्हा येते. नळ्या यात्रेच्या आधी मागवा. साथ आल्यावर मागवलेल्या नळ्या साथ संपल्यावर येतात.

६. आपला जिल्हा नांदेड, पण रुग्ण यवतमाळला जातो.

माहूर नांदेडपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा, पुसद आणि यवतमाळ जवळ पडतात. खालच्या अंगाला तेलंगणाचं आदिलाबाद. बाजार तिकडे, सोयरीक तिकडे, मजुरी तिकडे. एखाद्या वस्तीतली तीन लेकरं तापाने अत्यवस्थ झाली, तर एक यवतमाळला, एक नांदेडला, एक आदिलाबादला, अशी वाटली जातात. तीन रुग्णालयांत एक-एक रुग्ण दिसतो. तिघं एकाच वस्तीतले आहेत, हे कोणत्याच डॉक्टरला दिसत नाही.

यावर मी एकच उपाय करू शकले. पुसद-यवतमाळच्या बाजूच्या ओळखीच्या सिस्टर, आदिलाबादकडच्या एक-दोन परिचारिका, यांचे फोन नंबर. ‘माहूरकडचं कोणी आलं तर कळवा.’ सरकारी मार्गाने माहिती यायला दिवस लागायचे, या फोनने तासात कळायचं. हे वैयक्तिक ओळखीवर चालू नये. तिन्ही बाजूंच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची पावसाळ्याआधी आणि नवरात्राआधी एक बैठक व्हावी, एवढं तर सहज होण्यासारखं आहे. चंडीपुरा विषाणूचंच बघा. तो १९६५ साली नागपूरजवळच्या चंडीपुऱ्यात सापडला, आणि २००३ साली आंध्रात आणि विदर्भात त्याने शेकडो लेकरं आजारी पाडली, कितीतरी गेली. तो पसरवणारी वाळूमाशी जिल्ह्याची हद्द बघत नाही आणि आमचे अहवाल मात्र हद्दीवर थांबतात.

७. सांगायचं ते ऐकणाऱ्याच्या बोलीत.

इथे गोंड, कोलाम, आंध, बंजारा, मुस्लिम, तेलुगू बोलणारे, सगळे आहेत. मराठी पत्रक भिंतीवर लावलं की खात्याचं काम कागदावर होतं. तांड्यावर गोरमाटीत नाईकाने सांगितलं, पाड्यावर त्यांच्याच मुलीने सांगितलं, की ऐकलं जातं. यात्रेत भोंग्यावरून मराठीबरोबर तेलुगूत सूचना हवीच.

अफवेलाही तितक्याच लवकर उत्तर द्यावं लागतं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुलेन-बारी आजाराचे रुग्ण वाढले. सिंहगड रस्त्याच्या भागातलं ‘नांदेड’ हे गाव बातम्यांत आलं आणि आमच्याकडे फोनवर फोन. नाव एक, गाव वेगळं. ज्या ठिकाणी आशाताईने त्याच संध्याकाळी पारावर जाऊन समजावलं, तिथे घबराट राहिली नाही.

८. धाक दाखवला की रोग लपतो.

१८९७ साली पुण्यात प्लेगच्या वेळी सोल्जर घरात घुसून रुग्ण शोधत होते. लोकांनी आजारी माणसं लपवली, मृत्यू लपवले, शेवटी प्लेग मोहिमेचा अधिकारी रँड याचा खून झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत केलेला साथरोग कायदा २०२० च्या करोनातही आपण वापरला. कायद्याची गरज पडते, हे मी मान्य करते. पण रुग्ण शोधायला कायदा उपयोगी पडत नाही, विश्वास पडतो.

करोनाच्या पहिल्या टाळेबंदीत नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात चारेक हजार यात्रेकरू अडकले. एप्रिलअखेर ते पंजाबला परतले, तिथे अनेकांच्या तपासण्या पॉझिटिव्ह आल्या आणि दोष कोणाचा यावर दोन राज्यांत वाद पेटला. वाद पेटला की माणूस आपण कुठून आलो हे सांगायला घाबरतो. आमच्याकडेही मुंबई-पुणे-हैदराबादहून परतलेल्या मजुरांच्या वाटेवर काटे टाकलेले मी पाहिले. ते लोक मग रात्री शेतातून घरी आले, आणि आम्हाला त्यांची नोंदच मिळाली नाही. ज्या सरपंचांनी शाळेत गाद्या टाकल्या, दोन वेळचं जेवण दिलं, त्यांच्या गावात माणसं स्वतःहून येऊन नाव लिहून गेली. जेवणाचा डबा हा माझ्या मते साथ नियंत्रणातला सगळ्यात दुर्लक्षिलेला खर्च आहे.

९. मोठ्या रुग्णालयावर सगळा भार टाकता येत नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावल्याची बातमी देशभर गेली. त्यांत १२ नवजात बाळं होती. औषधं, मनुष्यबळ, शेवटच्या क्षणी खासगीतून पाठवलेले रुग्ण, मंजूर खाटांपेक्षा कितीतरी जास्त भरती, असे अनेक मुद्दे त्या वेळी पुढे आले. तिथे राबणाऱ्या डॉक्टर-सिस्टरांसाठी आणि त्या आयांसाठी मला फार वाईट वाटलं. कोणत्याही साध्या दिवशी जे रुग्णालय काठोकाठ भरलेलं असतं, तिथे साथीच्या दिवशी माहूर-किनवटहून आणखी शंभर रुग्ण रेफर करणं म्हणजे त्यांना वाटेवर सोडणं.

म्हणून जुलाबाचं नव्वद टक्के काम गावातच झालं पाहिजे. शाळेची एक खोली, दोरीला टांगलेली सलाईन, ओआरएसचा मोठा पिंप, झिंकच्या गोळ्या, एक आरोग्य सेवक आणि दर दोन तासांनी लघवी झाली का हे विचारणारी आशा. १०८ ची रुग्णवाहिका फक्त त्यांच्यासाठी, ज्यांचे डोळे खोल गेलेत, चिमटीत धरलेली कातडी परत जात नाही, लघवी थांबली आहे. डोंगरातल्या काही वाड्यांवर मोबाईलला रेंज नाही. अशा ठिकाणी गाडी असलेल्या दोन माणसांची नावं आणि इंधनाचे पैसे कोण देणार, हे आधी ठरवून ठेवायचं. रात्री दोन वाजता ते ठरत नाही.

१०. घरोघर जाणाऱ्या बाईला जपा.

सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला प्लेगने गेल्या. पुण्याजवळ मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्या प्लेगचे रुग्ण आणत होत्या, त्यांची सेवा करत होत्या, त्यातच त्यांना लागण झाली. सव्वाशे वर्षांनंतर, करोनाच्या पहिल्या महिन्यांत, आमच्या आशाताई ओढणी तोंडाला बांधून दारोदार ताप विचारत फिरल्या. मोजके मास्क आले तेव्हा ते धुऊन धुऊन वापरले. कोण्या घरमालकाने दारातूनच परत पाठवलं, कोणाच्या सासूने वेगळं ताट लावलं.

जैविक हल्ला असो की करोना, पहिला ताप बघणारी हीच बाई असणार आहे. पहिली लागणही तिलाच होण्याची शक्यता. तिच्या पिशवीत हातमोजे, मास्क, साबण, थर्मामीटर आणि चालू स्थितीतला मोबाईल या पाच गोष्टी आधीपासून असाव्यात. मानधन वेळेवर असावं. २०२४ च्या सुरुवातीला राज्यभरातल्या आशा मुंबईच्या आझाद मैदानावर बसल्या होत्या, त्या मानधनाच्या मागणीसाठीच. तिला आजार झाला तर उपचार आणि बुडालेल्या दिवसांचे पैसे कोण देणार, हे लेखी असावं.

दुर्गम उपकेंद्रातल्या रिक्त जागा हा याच मुद्द्याचा भाग आहे. कुलूप लागलेल्या उपकेंद्राच्या हद्दीतून अहवाल येतो तो शेजारच्या सिस्टरने अंदाजाने भरलेला. तिला दोष देता येत नाही. दोन उपकेंद्रं, त्यात चढ-उताराच्या वाटा, एका बाईला होत नाहीत. दत्तजयंतीच्या नियोजन बैठकीत तंबू किती, पाण्याचे टँकर किती, एसटी गाड्या किती हे दरवर्षी तपशिलात ठरतं. यंदा त्या बैठकीला जाणाऱ्यांनी आधी रिक्त उपकेंद्रांची यादी मांडावी, आणि यात्रेच्या आठवड्यात त्या गावांत कोण फिरणार, त्या माणसांची नावं तिथेच लिहून घ्यावीत.